विजयदुर्ग आणि बिझान्तिऑन

ख्रिस्ती शकाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ नामक ग्रीक ग्रंथांत कल्याणच्या दक्षिणेकडील बंदरांची यादी असून तींत ‘बिझान्तिऑन’ हें नांव आढळतें. बॉस्फोरसच्या कांठचें याच नांवाचें प्राचीन नगर सम्राट् कॉन्स्टन्टाइन यानें नव्यानें उभारून इ. स. ३३० मध्यें राजधानी केलें व तें त्याच्या नांवानें कॉन्स्टॅन्टिनोपल म्हणून विख्यात झालें. कोंकणांतील बिझान्तिऑन म्हणजे विजयदुर्ग, असें मत कांहीं पाश्चात्त्य पंडितांनीं मांडलें आहे. दोन्ही नांवांच्या उच्चारसाम्यामुळें तें सहज पटतें. परंतु या साम्यावर विसंबण्यापूर्वीं नांवाचें वय पाहिलें पाहिजे.

वाघोटण खाडीच्या मुखावरील हा किल्ला शिलाहार राजा दुसरा भोज यानें बांधला अशी परंपरा आहे. पूर्वीं त्यास शेजारच्या गिर्ये गांवावरून ‘घेरिया’ म्हणत. शिवछत्रपतींनीं तो आदिलशाहीकडून घेऊन त्याची तटबंदी वाढविली व ‘विजयदुर्ग’ हें नांव दिलें. हें नांव शके १५७५ च्या विजय संवत्सरावरून पडलें असें सांगतात. शके १५४९ हें प्रभव, तेथून सत्ताविसावें संवत्सर विजय, म्हणजे शके १५७५ (इ. स. १६५३-५४). गणित जुळतें. मग सतराव्या शतकांत दिलेलें नांव सोळाशें वर्षांपूर्वींच्या ग्रीक खलाशांच्या कानीं कसें पडावें? तेथें प्राचीन बंदर नव्हतेंच, असें आमचें म्हणणें नाहीं. तें नाणीं, खापरें व सागरी अंतरें यांवरून सिद्ध व्हावें, नामसाम्यावरून नव्हे.

असाच चकवा बाणकोटास आहे. तेथील हिंमतगड १७५६ च्या तहानें इंग्रजांकडे कायम झाला. त्यांनीं त्यास ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ म्हटलें. वाचकास राणी व्हिक्टोरिया आठवते. पण तिचा जन्म १८१९ चा!

संग्राहकांस यांतून एक नियम मिळतो. शके १५७५ पूर्वींच्या म्हणविणाऱ्या कागदांत ‘विजयदुर्ग’ आल्यास तो कागद बनावट किंवा मागाहूनची नक्कल असल्याचा संशय घ्यावा. याच्या उलट ‘घेरिया’ एवढ्यावरून कागद त्यापूर्वींचा ठरत नाहीं. इंग्रज १७५६ मध्यें किल्ला जिंकतांनाही त्यास घेरियाच म्हणत होते. म्हणून यादी करतांना मूळ नांव जसेंच्या तसें उतरावें व आजचें नांव बाजूस टिपावें. आम्हीं स्वतः एकदा सोयीसाठीं सर्वत्र ‘विजयदुर्ग’ लिहिलें. पुढें मूळ बाड वाळवीनें खाल्लें, आणि कोणत्या कागदांत कोणतें नांव होतें, हें आज आमच्यानें सांगवत नाहीं.