मन सुसाट सुटते, तेव्हा रात्र सांभाळा

तीन तासांच्या झोपेवर माणूस ताजातवाना दिसतो, डोक्यात कल्पनांची झुंबड उडते, बोलणे थांबता थांबत नाही. घरच्यांना वाटते, स्वारी रंगात आली आहे. पण हा रंग कधीकधी आजाराचा असतो.

काशीत रात्र अशी फारशी होतच नाही. मणिकर्णिकेवर चिता अहोरात्र पेटलेल्या असतात. विश्वनाथाची मंगला आरती पहाटे तीनच्या सुमारास सुरू होते, म्हणजे भाविकांना त्याआधीच रांग धरावी लागते. १९२३ पासून चालत आलेल्या संकटमोचन संगीत समारोहात ओळीने काही रात्री पहाटेपर्यंत मैफली रंगतात. अस्सी घाटावरचा ‘सुबह-ए-बनारस’ हा २०१४ पासूनचा कार्यक्रम सूर्योदयापूर्वीच सुरू होतो. चहाच्या टपरीवर तासन् तास वाद घालणे हा तर इथल्या माणसाचा स्वभावच. अशा शहरात कोणी रात्री दोन वाजता टक्क जागा राहून भरभरून बोलत असेल, तर त्याचे नवल कोणाला वाटणार?

नेमकी इथेच एका आजाराची चाहूल हुकते. बायपोलर डिसऑर्डर, म्हणजे द्विध्रुवी मनोविकार, या आजारात मन कधी नैराश्याच्या तळाला जाते, तर कधी अवाजवी उत्साहाच्या टोकाला. उत्साहाच्या टोकाची सौम्य पायरी म्हणजे ‘हायपोमेनिया’. ती सौम्य असते म्हणूनच फसवी असते.

हुशारी की आजार?

पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागात मराठी कुटुंबे पिढ्यानपिढ्या राहत आली आहेत. समजा, अशाच एका घरातले धाकटे दीर शाळेत शिक्षक आहेत. दिवाळीपर्यंत उदास, गप्प गप्प असणारे हे भाऊजी अचानक खुलतात. पहाटे साडेतीनला उठून गणिताचे नवे पुस्तक लिहायला घेतात. तासाभराने ते बाजूला पडते आणि शिकवणी वर्गाची योजना सुरू होते. जेवताना तिसराच विषय निघतो, गच्चीवर खोल्या बांधून यात्रेकरूंना भाड्याने देण्याचा. ‘‘वहिनी, मला आता झोपेची गरजच उरलेली नाही,’’ असे ते हसत सांगतात. घरातल्या सगळ्यांना हायसे वाटते. इतके दिवस कोपऱ्यात बसलेला माणूस हसू-बोलू लागला, यापेक्षा आणखी काय हवे?

पण वहिनींनी दोन गोष्टी ताडून पाहायला हव्यात. पहिली, हे भाऊजी त्यांच्या नेहमीच्या स्वभावापेक्षा वेगळे वागत आहेत का? शहर कसे वागते, हे माप इथे चालत नाही. जन्मजात बडबड्या माणसाची बडबड हा आजार नव्हे. मितभाषी माणूस चार दिवस अखंड बोलत सुटला, तर मात्र ती खूण आहे. दुसरी गोष्ट झोपेची. निद्रानाश झालेला माणूस दुसऱ्या दिवशी थकलेला, चिडलेला असतो. हायपोमेनियात मात्र तीन तास झोपूनही थकवा जाणवत नाही. झोप येत नाही असे नसते, झोप नकोशीच होते.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निकषांनुसार असा उत्साह किंवा चिडचिड आणि वाढलेली शक्ती किमान सलग चार दिवस, दिवसाचा बराच वेळ टिकली पाहिजे. त्याच्या जोडीला फाजील आत्मविश्वास, कमी झालेली झोप, अति बोलणे, विचारांची धावपळ, लक्ष विचलित होणे, कामांचा सपाटा आणि बेफिकीर खर्च किंवा धाडस यांपैकी किमान तीन लक्षणे हवीत. मूळ भावना चिडचिडीचीच असेल तर चार. हेच प्रकरण आठवडाभर चालले आणि संसार, नोकरी कोलमडू लागली, भास-भ्रम होऊ लागले किंवा रुग्णालयात ठेवण्याची वेळ आली, तर तो ‘मेनिया’, म्हणजे पूर्ण उन्माद.

डोक्यात काय चाललेले असते?

या अवस्थेतले विचार वेगाने येतात, इतकेच नाही. ते एकमेकांना ढकलत येतात. एक कल्पना पुरी होण्याआधी दुसरी तिच्या खांद्यावर चढते. सुरुवातीला याची मोठी मौज वाटते. शब्द आपोआप सुचतात, दूरच्या गोष्टींचे धागे जुळतात, आपल्याला सगळे उमगले आहे असे वाटते. काही दिवसांनी हीच मौज त्रासाची होते. वाचायला घेतलेले पान पुरे होत नाही. समोरचा सावकाश बोलला की राग येतो. अंथरुणावर पडले की एकाच वेळी चार रेडिओ लागल्यासारखे वाटते, आणि एकही बंद करता येत नाही.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ के रेडफील्ड जेमिसन यांना स्वतःलाच हा आजार आहे. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ॲन अनक्वाएट माइंड’ या आत्मकथनात त्यांनी उन्मादाच्या भरात केलेल्या खरेदीची हकिगत सांगितली आहे. त्या खरेदीत सर्पदंशावरच्या प्रथमोपचाराच्या पेट्याही होत्या! या आजाराच्या तज्ज्ञ असूनही त्यांनी औषधे घेण्यात बराच काळ चालढकल केली. कारण त्या भरारीची ओढ सुटत नव्हती.

रुग्ण औषध का टाळतो, याचे उत्तर इथे मिळते. ताप कोणालाच हवासा वाटत नाही. हा ‘ताप’ मात्र हवासा वाटतो. म्हणून हायपोमेनियात कोणी डॉक्टरकडे जात नाही. जातात ते नैराश्य आल्यावर, आणि तेव्हा आधीच्या भरारीबद्दल सांगायचे राहून जाते. मग केवळ नैराश्याचे निदान होते. बायपोलरमध्ये नैराश्यावरच्या गोळ्या एकट्याच दिल्या, तर काही रुग्णांचे मन एकदम दुसऱ्या टोकाला जाऊ शकते. म्हणून उदास माणसाला डॉक्टरकडे नेताना ‘मध्यंतरी तो फार उत्साहात होता, झोपतच नव्हता’ हे घरच्यांनी आवर्जून सांगावे. या एका वाक्याने निदान बदलू शकते.

जागरण, भांग आणि उपवास

जागरण हे या आजाराचे लक्षण आहे, तसे कारणही आहे. थॉमस वेर या अमेरिकन संशोधकाने आपल्या सहकाऱ्यांसह १९८७ साली असे मांडले की, दुःख, आनंद, प्रवास, बाळंतपण अशी कारणे वेगवेगळी असली, तरी ती पुष्कळदा झोप मोडण्याच्या एकाच वाटेने उन्मादाकडे नेतात. झोप कमी झाली की मन वेग घेते, आणि मनाने वेग घेतला की झोप आणखी कमी होते. हे चाक पहिल्या एक-दोन रात्रींत रोखणे सोपे. पाचव्या रात्री अवघड.

म्हणूनच महाशिवरात्र, देवदिवाळी किंवा रात्रभराची मैफल बायपोलरच्या रुग्णाने जपूनच घ्यावी. दर्शन दिवसा घेता येते, मैफल अकरापर्यंत ऐकून उठता येते. महाराष्ट्रातून काशीयात्रेला जाणाऱ्यांनाही हेच लागू. मुंबईहून महानगरी एक्स्प्रेसने वाराणसी गाठायला दिवसाहून अधिक वेळ लागतो. डब्यातली अर्धीमुर्धी झोप, उतरताच गंगास्नान, लगोलग रांग, आणि या गडबडीत पिशवीच्या तळाशी राहिलेल्या गोळ्या. अशा रुग्णासाठी पहिला दिवस विश्रांतीचाच ठेवावा.

दुसरा धोका भांगेचा. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यातील व्याख्येत गांजा आणि चरस येतात, पण भांगेची पाने येत नाहीत. त्यामुळे उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याच्या दुकानांत भांग उघडपणे मिळते. थंडाईतली भांग म्हणजे महादेवाचा प्रसाद, असे मानून ती घेतली जाते. पण गांज्यात असते तेच नशा आणणारे द्रव्य भांगेतही असते, आणि बायपोलरच्या रुग्णात ते उन्मादाची लक्षणे भडकवू शकते.

तिसरी गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते. लिथियम हे या आजारावरचे महत्त्वाचे औषध. ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. शरीरातले पाणी कमी झाले की रक्तातले लिथियम वाढते आणि विषारी ठरू शकते. ज्येष्ठातल्या उकाड्यात वाराणसीचा पारा ४५ अंशांवर जातो, आणि निर्जला एकादशी नेमकी त्याच महिन्यात येते. लिथियम घेणाऱ्याने निर्जळी उपवास करू नये. जुलाब-उलट्या झाल्यास लगेच डॉक्टरांना विचारावे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्याही मनाने घेऊ नयेत. हात जोरात थरथरणे, उलट्या होणे, तोल जाणे, जीभ जड होणे ही लक्षणे दिसली, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

उपचार आहेत

लिथियमचा उन्मादावरचा गुण ऑस्ट्रेलियातील डॉक्टर जॉन केड यांनी १९४९ साली प्रसिद्ध केला. त्यानंतर आलेल्या अनेक औषधांतही त्याचे स्थान टिकून आहे. आत्महत्येचा धोका कमी करण्यासाठीही ते उपयोगी पडते. मात्र त्यासाठी रक्तातील प्रमाण, मूत्रपिंड आणि थायरॉइड यांची ठरावीक काळाने तपासणी करावी लागते. व्हॅल्प्रोएट, लॅमोट्रिजिन, क्वेटियापिन ही औषधेही वापरली जातात. व्हॅल्प्रोएटमुळे गर्भात व्यंग निर्माण होऊ शकते, म्हणून मूल होण्याच्या वयातील स्त्रियांना ते शक्यतो दिले जात नाही. कोणतेही औषध ‘आता बरे वाटते’ म्हणून परस्पर बंद करू नये. बरे वाटते आहे ते पुष्कळदा औषध चालू असल्यामुळेच.

औषधाच्या जोडीला दिनक्रम हवा. अमेरिकेतील एलेन फ्रँक यांनी विकसित केलेल्या उपचारपद्धतीत उठणे, जेवणे, लोकांत मिसळणे आणि झोपणे यांच्या वेळा नेमून त्या पाळायला शिकवतात. नॉर्वेतील २०१६ च्या एका अभ्यासात संध्याकाळपासून निळा प्रकाश अडवणारे केशरी काचांचे चष्मे उन्मादाच्या रुग्णांना दिले, तेव्हा आठवडाभरात औषधांच्या जोडीने त्यांची लक्षणे लक्षणीय कमी झाली. घरी एवढे तरी करता येते: रात्री नऊनंतर दिवे मंद करायचे आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायचा.

घरच्यांनी काय करावे?

वाद घालू नये. धावत्या विचारांशी वाद घातला की त्यांना सरपण मिळते. ‘‘कल्पना चांगली आहे भाऊजी, वहीत लिहून ठेवा, परवा बघू,’’ एवढे म्हणावे. दोन रात्रींची पुरी झोप झाल्याशिवाय पैसा, नोकरी, घर किंवा लग्न यांबाबत निर्णय घ्यायचा नाही, असा नियम मन शांत असतानाच रुग्णाच्या संमतीने ठरवावा. मोठ्या खर्चाला घरातल्या आणखी एकाची सही लागेल अशी सोय तेव्हाच करावी. रोजची झोप किती तास, मन कसे, गोळी घेतली का, याची कॅलेंडरवर नोंद ठेवावी. झोप दोन रात्री घटली की डॉक्टरांना फोन करावा. पाचव्या रात्रीची वाट पाहू नये.

आणखी एक पथ्य आहे. प्रत्येक हसण्यावर संशय घेऊ नये. ‘आज फार बोलतोयस, गोळी घेतलीस ना?’ हे वाक्य रोज ऐकणारा माणूस घरातच परका होतो. आनंदी होण्याचा हक्क त्यालाही आहे. लक्ष ठेवायचे ते झोपेवर, त्याच्या आनंदावर नव्हे.

वाराणसीत काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या वैद्यकीय विज्ञान संस्थेत मनोविकार विभाग आहे आणि पांडेपूरला सरकारी मानसिक रुग्णालय आहे. कोठूनही फोन करायचा असेल, तर १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६. तिथे चोवीस तास मोफत बोलता येते, मराठीतही. रुग्ण जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलू लागला, तर त्याला एकटे सोडू नये. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आणखी एक सोय दिली आहे: पुढे आजार बळावला तर आपल्यावर कोणते उपचार व्हावेत किंवा होऊ नयेत आणि आपल्या वतीने कोणी बोलावे, हे माणूस शुद्धीवर असताना लिहून ठेवू शकतो.

उत्तर प्रदेशासह १२ राज्यांत २०१५-१६ साली झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बायपोलरच्या दर १०० रुग्णांपैकी सुमारे ७० जण उपचारांविना आढळले. यातले कित्येक जण कोणाच्या तरी घरात ‘लहरी’, ‘अवली’ किंवा ‘फार हुशार, पण टिकून राहत नाही’ म्हणून ओळखले जात असतील. तुमच्याही घरात असे कोणी असेल, तर उद्या सकाळी चहाबरोबर सहज विचारा, काल रात्री किती तास झोपलास?