हिऱ्याची पारख आणि हिऱ्याचा दाखला

नायगावच्या चाळींतून दादरच्या सराफी पेढ्यांवर साखरपुड्याची अंगठी घेण्यास जाणारी कुटुंबे खड्याचे वजन विचारतात, किंमत विचारतात, त्याची चकाकी न्याहाळतात. हा खडा कोणत्या भूमीतून आला, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वास्तविक या प्रश्नाचे एक सरकारी उत्तर आपल्याच मुंबईत तपासले जाते. ते उत्तर कसे तयार होते आणि कितपत पुरे पडते, हे वाचकांसमोर थोडक्यात मांडावे, असे आम्हांस वाटले.

प्रश्नाचे मूळ आफ्रिकेत आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस अंगोलात 'युनिटा' आणि सिएरा लिओनमध्ये 'आर.यू.एफ.' या बंडखोर संघटनांनी हिऱ्यांच्या खाणी बळकावल्या व त्या पैशांतून शस्त्रे विकत घेतली. सिएरा लिओनमध्ये १९९१ ते २००२ या काळात चाललेल्या यादवीत हजारो निरपराधांचे हातपाय तोडण्यात आले, कोवळ्या मुलांच्या हाती बंदुका देण्यात आल्या. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १९९८ साली अंगोलातील आणि २००० साली सिएरा लिओनमधील अशा विनादाखला हिऱ्यांवर बंदी घातली. परंतु हिरा मुठीत मावतो. एक सीमा ओलांडली की तो शेजारच्या देशाचा म्हणून खपतो. एकट्यादुकट्या देशावरील बंदी म्हणूनच अपुरी ठरली.

मे २००० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील किंबर्ली या गावी आफ्रिकेतील हिरे उत्पादक देश एकत्र आले. त्यातून 'किंबर्ली प्रक्रिया' ही प्रमाणपत्र योजना आकारास आली व १ जानेवारी २००३ पासून अमलात आली. आज तिच्या कक्षेत ८० हून अधिक देश येतात. भारत प्रारंभापासून तिचा सदस्य असून २००८ व २०१९ साली तिचे अध्यक्षपदही आपल्या देशाने भूषविले.

योजनेचा गाभा साधा आहे. कच्चा हिरा, म्हणजे पैलू न पाडलेला हिरा, देशाबाहेर पाठवावयाचा झाल्यास तो मोहोरबंद पेटीतूनच गेला पाहिजे आणि सोबत सरकारमान्य प्रमाणपत्र असले पाहिजे. त्यावर क्रमांक, कॅरटमधील वजन, मूल्य आणि उगम यांची नोंद असते. माल सदस्य देशालाच पाठविता येतो आणि सदस्य देशाकडूनच घेता येतो. माल पोहोचल्याची पोचही कळवावी लागते.

आपल्याकडे विदेश व्यापार धोरणानुसार या प्रमाणपत्राविना कच्च्या हिऱ्यांची आयात वा निर्यात करता येत नाही. ही प्रमाणपत्रे देण्याचे व तपासण्याचे काम १९६६ साली स्थापन झालेल्या रत्न व आभूषणे निर्यात संवर्धन परिषदेकडे केंद्र सरकारने सोपविले आहे. एकेकाळी गिरगावातील ऑपेरा हाऊसच्या गल्ल्यांत गजबजलेला हा व्यापार २०१० पासून मोठ्या प्रमाणावर वांद्रे-कुर्ला संकुलातील भारत डायमंड बोर्समध्ये गेला. जगातील बहुसंख्य हिऱ्यांना सुरतेत पैलू पडतात. त्यामुळे या दाखल्याची शिस्त किती पाळली जाते, याची मोठी जबाबदारी आपल्या देशावर येते.

तथापि, या दाखल्याच्या मर्यादाही जाणून घेतल्या पाहिजेत. पहिली मर्यादा व्याख्येची. कायदेशीर सरकार उलथविण्यासाठी बंडखोरांनी वापरलेला कच्चा हिरा, एवढाच 'संघर्षाचा हिरा' मानला जातो. २००८ साली झिम्बाब्वेच्या मारांगे खाणक्षेत्रात खुद्द सरकारी सैन्याने खाणकामगारांवर गोळ्या झाडल्या. तो प्रकार या व्याख्येत बसेना. याच असमाधानातून 'ग्लोबल विटनेस' ही संस्था २०११ साली योजनेतून बाहेर पडली. दुसरी मर्यादा, निर्णय एकमताने घ्यावे लागतात. एका देशाचा विरोधही सुधारणा रोखू शकतो. तिसरी, निरनिराळ्या देशांचा माल एकत्र झाला की प्रमाणपत्रावर 'मिश्र उगम' एवढेच लिहिले जाते. आणि चौथी, पैलू पडताच हिरा योजनेच्या कक्षेबाहेर जातो. पुढे उरते ती व्यापाऱ्यांनी बिलावर लिहावयाची हमी.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२३ मध्ये काँगोची राजधानी किन्शासा येथे, हावेच्या विषाने त्या देशाचे हिरे रक्ताने माखल्याची वेदना बोलून दाखविली होती. योजना लागू होऊन वीस वर्षे उलटल्यावरचे हे बोल होते, हे विसरता कामा नये.

म्हणून दाखला निरुपयोगी ठरतो काय? आम्हांस तसे वाटत नाही. पूर्वी जेथे विचारणाच नव्हती, तेथे आज नोंद आहे, मोहोर आहे, उत्तरदायित्व आहे. परंतु शासनाचा दाखला जेथे संपतो, तेथे ग्राहकाची जबाबदारी सुरू होते. पेढीवर अंगठी घेताना 'हा हिरा कुठला? हमी लेखी द्याल का?' एवढे दोन प्रश्न प्रत्येकाने नम्रपणे विचारावेत. दुकानदारास उत्तर देता आले नाही, तरी पुढच्या खेपेस तो स्वतः घाऊक व्यापाऱ्याला तोच प्रश्न विचारील. जन्मभराच्या शब्दाची खूण म्हणून जी वस्तू बोटात चढवावयाची, तिच्या उगमाविषयी एवढी चौकशी करणे, ही अपेक्षा फार मोठी नाही.