वाफसा येऊ द्या!

वाचकहो, फाल्गुन महिना लागला की आमच्या लातूर-नांदेड भागात दोन गोष्टी हमखास दिसतात. एक म्हणजे आंब्याचा मोहोर, आणि दुसरी म्हणजे पहाटेच्या अंधारात रस्त्याच्या कडेने पळणारी पोरं-पोरी. कुणाला पोलीस व्हायचे असते, कुणाला सैन्यात जायचे असते. अलीकडे त्यांच्या मागोमाग साखर वाढलेले, पोट सुटलेले माझ्या वयाचे गृहस्थही पळताना दिसतात. चांगली गोष्ट आहे. पण याच दिवसांत न बोलावता येणारा एक पाहुणाही असतो. तो म्हणजे अवकाळी पाऊस, आणि कधी त्याच्यासोबत गारा. हा पाहुणा येऊन गेला की दोन दिवसांत माझ्या दवाखान्यात लंगडणाऱ्यांची संख्या वाढते.

गेल्या फाल्गुनातली गोष्ट. लोहा तालुक्यातल्या एका वस्तीवरून वीस वर्षांची एक मुलगी वडिलांच्या मोटारसायकलवर बसून आली. डावा घोटा बाहेरच्या बाजूने लिंबाएवढा सुजलेला. आदल्या दिवशी पाऊस झालेला असताना ती पाणंदीने पळायला गेली होती आणि चिखलात पाय मुरगळला होता. पोलीस भरतीची मैदानी चाचणी चोवीस दिवसांवर आलेली. मुलींना त्यात ८०० मीटर पळावे लागते, मुलांना १६०० मीटर. एकेका सेकंदाला किंमत असते.

वडील म्हणाले, "डॉक्टरसाहेब, एखादं चांगलं इंजेक्शन मारा, पण पोरगी पळाली पाहिजे. औंदा हरभरा सगळा गारांनी झोडपला. आता हिच्यावरच भिस्त हाय बगा."

मुलगी इतका वेळ गप्प होती. तिने एवढेच विचारले, "सर, उद्या पळू का?"

मी इंजेक्शन दिले नाही आणि 'पळ' असेही म्हणालो नाही. का म्हणालो नाही, हे सांगायचे तर मला आधी माझी स्वतःची फजिती सांगावी लागेल.

गारांवरची माझी धाव

२०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्याला गारपिटीने कसे झोडपले, हे आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. उभी ज्वारी आडवी झाली, गहू मातीत मिसळला, मोहोर झडला. त्या वेळी मी पंचेचाळिशीत होतो. रक्तातली साखर काठावर आलेली म्हणून वर्षभरापासून पळू लागलो होतो. लातूर-नांदेड रस्त्यावर अहमदपूरच्या अलीकडे एक पाणंद आहे. रोज सकाळी तिथे जाऊन मी चार किलोमीटर पळत असे.

गारपिटीच्या दुसऱ्या दिवशीही मी गेलो. नियम मोडायचा नाही, असा माझा हट्ट. बांधाच्या सावलीला रात्रीच्या गारा अजून ढिगाने साचलेल्या होत्या. टीव्हीवर काश्मीरचा बर्फ दाखवतात, तसे पांढरे पट्टे दिसत होते आणि मधून काळा चिखल. मला गंमत वाटली. पन्नास पावले पळालो नसेन, तोच दोन्ही बुटांना मातीचे गोळे चिकटले. पाय उचलता उचलेना. कडेच्या गारांवरून पळावे म्हणून सरकलो. वरून पांढरे सपाट दिसत होते, पण खाली बैलगाडीची चाकोरी होती. पाय आत वळला आणि मी आडवा झालो.

शेजारच्या रानातले मामा आडवा झालेला गहू बघत उभे होते. सगळे पीक गेलेला तो माणूस धावत आला आणि मला उठवू लागला. खांद्याला धरून बांधावर बसवत म्हणाला, "डॉक्टरसाहेब, वाफसा नसताना आम्ही बैलबी रानात घालत न्हाईत. अन् तुम्ही पळाया निघालात व्हय?" त्यांनीच रुमालात गारा बांधून माझ्या घोट्यावर धरल्या. मला मिळालेला हा पहिला आणि शेवटचा आभाळातला बर्फ!

खरी चूक मात्र पुढेच आहे. रोग्यांना 'विश्रांती घ्या' असे दिवसाला दहा वेळा सांगणारा मी. सूज उतरली म्हणून दहाव्या दिवशी बूट घालून निघालो. रस्ता कोरडा होता, सपाट होता. तरी तोच घोटा पुन्हा वळला. या वेळी चार महिने पळणे बंद पडले. मातीचा वाफसा आला होता, वाचकहो, पायाचा आला नव्हता.

चिखल पायाला काय करतो?

आपली काळी माती काळ्या पाषाणाच्या झिजेतून झालेली. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. ओली असताना ती बुटाला धरून राहते. धावण्याचा अभ्यास करणाऱ्यांनी मोजले आहे की प्रत्येक बुटाचे वजन १०० ग्रॅमने वाढले तर पळायला लागणारी शक्ती साधारण एक टक्क्याने वाढते. आपल्याकडचा मातीचा गोळा अर्ध्या किलोचा सहज असतो! मग पोटऱ्या लवकर थकतात. थकलेला स्नायू घोट्याला सावरायला उशीर करतो आणि पाय आतल्या बाजूला वळतो. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला हाडे जोडून ठेवणारे अस्थिबंध असतात. ते ताणले जातात, कधी तुटतात. यालाच आपण 'लचकणे' किंवा 'मुरगळणे' म्हणतो.

एक धोका मात्र ऊन पडल्यावर सुरू होतो. चिखलात उमटलेली गुरांची खुरे आणि ट्रॅक्टरची चाकोरी चार दिवसांत दगडासारखी वाळते. पहाटेच्या अंधारात ती दिसत नाही. म्हणजे पाऊस थांबला, आता भीती गेली, असे समजू नका.

मग पळायचेच नाही का? पळायचे, पण जागा बघून. पाऊस पडून गेल्यावर मुरमाड वाट, शाळेचे मैदान किंवा माळ निवडावा. बालाघाटाच्या उतारावर मुरूम भरपूर आहे, तिथे पाणी टिकत नाही. चिखल आलाच तर पावले लहान टाका, वेग निम्मा करा, नजर पाच-सहा पावलांवर ठेवा. गोळे चिकटले की थांबून काडीने काढा. खोल चिखलात सरळ चालत जा, त्यात कमीपणा नाही. बूट ढिले नकोत, आणि तळवा गुळगुळीत झालेला बूट चिखलासाठी नको. शेतकरी मूठभर माती दाबून गोळा करतात आणि छातीच्या उंचीवरून खाली टाकतात. गोळा फुटला तर वाफसा आला. फुटला नाही तर रान अजून ओले. हीच परीक्षा तुम्हीही करा.

आणि वीज! फाल्गुन-चैत्रातल्या अवकाळीत विजेने माणसे व जनावरे दगावतात. गडगडाट ऐकू आला की पळणे थांबवून पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा. झाडाखाली थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका.

पाय मुरगळला तर

पहिली गोष्ट, तिथेच थांबा. 'थोडे पळाले की मोकळा होईल' हा समज चुकीचा आहे. घरी येऊन पाय उशीवर उंच ठेवा, क्रेप बँडेज बांधा, पण बोटे निळी पडतील इतके आवळू नका. दुखणे कमी व्हावे म्हणून बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे लावता येतो. पहिले दोन-तीन दिवस गरम शेक, तेल रगडणे आणि पाय ओढून 'बसवून घेणे' हे तिन्ही टाळा. यामुळे सूज वाढते, आणि हाड मोडलेले असेल तर मोठे नुकसान होते.

एक्स-रे केव्हा काढावा? कॅनडातल्या ओटावा शहरातील डॉक्टरांनी १९९२ मध्ये यासाठी सोपे नियम सांगितले आणि ते आज जगभर वापरले जातात. मुरगळल्यावर लगेच आणि नंतर दवाखान्यातही चार पावले टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर वा टोकावर दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढावा. पावलाच्या मधल्या भागात दुखत असेल, तर करंगळीच्या बाजूचे आणि आतल्या बाजूचे उंचवट्याचे हाड दाबून बघतात. तिथे दुखले तरीही एक्स-रे हवा.

हाड शाबूत असेल तर पाय महिनाभर खाटेवर ठेवायचा नाही, हेही लक्षात घ्या. दोन-तीन दिवसांनी दुखणे सोसेल तितके चालायला लागावे. घोटा वर-खाली हलवावा. मग टाचा उचलणे, आणि नंतर एका पायावर उभे राहणे. हा शेवटचा व्यायाम दिसायला पोरखेळ, पण फार मोलाचा. मुरगळलेल्या घोट्याचा तोल बिघडतो. तोल परत आला नाही तर तोच पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो. माझे नेमके हेच झाले होते.

चिखलात पाय भिजले तर घरी येऊन धुवा आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा, नाहीतर चिखल्या होतात. शेणामातीत पायाला जखम झाली तर साबण-पाण्याने धुऊन धनुर्वाताच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारा. पूर्वी टीटी देत, आता तिच्या जागी टीडी देतात. शेवटच्या लशीला पाच वर्षांहून जास्त काळ झाला असेल तर अशा मळलेल्या जखमेसाठी पुन्हा घ्यावी लागते. मधुमेहींनी रोज तळपाय बघावा. त्यांना जखम झालेली कळतच नाही.

आपल्याच मातीतले उदाहरण

त्या मुलीला मी अविनाश साबळेची गोष्ट सांगितली. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचा हा शेतकऱ्याचा मुलगा. शाळेला जायला वाहन नव्हते, म्हणून सहा किलोमीटर पायी किंवा पळत जायचा. बारावीनंतर सैन्यात महार रेजिमेंटमध्ये गेला. मराठवाड्याच्या उन्हातला हा पोरगा २०१३-१४ मध्ये सियाचीनच्या बर्फात तैनात होता. पुढे तो तीन हजार मीटरची स्टीपलचेस पळू लागला. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. पूर्वी इंग्लंड-आयर्लंडकडे लोक एका चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत कुंपणे आणि ओढे ओलांडत शर्यत लावत, त्यातून हा खेळ निघाला. म्हणजे आपले बांध आणि ओढेच म्हणा ना!

२०१८ मध्ये घोट्याच्या दुखापतीमुळे त्याची आशियाई स्पर्धा हुकली. पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भुवनेश्वरला त्याने ८ मिनिटे २९.८० सेकंदांची वेळ देऊन गोपाळ सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. एक स्पर्धा हुकली म्हणून सगळे संपत नाही, हे यावरून दिसते.

त्या मुलीने काय केले?

तिने माझे ऐकले, आणि माझ्यापेक्षा शहाणपणाने वागली. तिला चार पावले टाकता येत होती, हाडावर दुखत नव्हते. तीन दिवस पाय वर ठेवला. आठवडाभर फक्त चालणे. त्यानंतर सकाळ-संध्याकाळ एका पायावर उभे राहण्याचा व्यायाम. आई सांगत होती, भाकरी भाजतानासुद्धा चुलीपासून लांब जाऊन मधूनमधून बगळ्यासारखी उभी राही! दम टिकावा म्हणून सायकल चालवली. पंधराव्या दिवशी शाळेच्या मैदानावर हळू पळाली. विसाव्या दिवशी ती ८०० मीटर पळाली, घोटा दुखला नाही. चाचणीच्या दिवशी तिची वेळ तिच्या नेहमीच्या वेळेपेक्षा थोडी जास्त लागली. गुण तेवढ्याने कमी झाले आणि त्या भरतीत तिचे नाव यादीत आले नाही.

वडील नाराज झाले असतील, असे मला वाटले होते. महिन्याभराने ते रक्तदाब तपासायला आले. म्हणाले, "साहेब, पोरगी रोज पळती. पाय साबूत हाय, पुढली भरती हायच की."

मी त्यांना विचारले, पाऊस झाला की काय करते? ते हसले आणि म्हणाले, "आदी रानात जाऊन ढेकूळ हातात घेती अन् फोडून बगती."

वाचकहो, तुम्हीही तेवढे करा. पळणे सोडू नका. पण मातीचा असो की पायाचा, वाफसा येऊ द्या.