आधीचा पगार किती होता?

कॅलिफोर्नियात मुलाखतीला गेलं की हा प्रश्न हमखास यायचा. 1 जानेवारी 2018 पासून तो विचारायला इथे कायद्याने बंदी आहे. एवढ्याशा प्रश्नाला बंदी कशाला, असं कुणाला वाटेल. मला त्याचं उत्तर आमच्या मंडळातल्या मैत्रिणींकडे पाहून मिळालं.

यातल्या बऱ्याच जणी एच-4 व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमागून आल्या. पुण्या-मुंबईत इंजिनीअर, सीए होत्या. या व्हिसावर काम करता येत नसे. मे 2015 पासून काहींना परवाना मिळू लागला, तोही नवऱ्याचं ग्रीन कार्डचं प्रकरण ठरावीक टप्प्यापुढे गेलं असेल तरच. तोवर पाच-सात वर्षं घरात गेलेली. मग बाई स्वतःच म्हणते, "काहीही द्या, पण कामावर घ्या."

तो पहिला आकडा पाठ सोडत नाही. समजा, एकाला 1,20,000 डॉलर आणि दुसरीला 90,000. दोघांना दरवर्षी 4 टक्केच वाढ. साहेबाने काडीचाही दुजाभाव केला नाही, तरी दहा वर्षांत 30,000 चा फरक 44,000 वर जातो.

अमेरिकेत पूर्णवेळ काम करणाऱ्या बायकांना 2023 मध्ये पुरुषांच्या डॉलरमागे साधारण 83 सेंट मिळत होते. हा आकडा सगळ्या नोकऱ्या एकत्र धरून काढलेला आहे, एकाच कामाचा नाही. क्लॉडिया गोल्डिन यांना 2023 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी दाखवलं की आता हा फरक मुख्यतः पहिल्या मुलानंतर वाढतो. एच-4 वाल्यांना तर मूल नसतानाही ब्रेक घ्यावाच लागला!

दुसरं कारण म्हणजे गुपित. अलाबामातल्या टायर कारखान्यातल्या लिली लेडबेटर यांना निवृत्तीच्या तोंडावर निनावी चिठ्ठीतून कळलं की बरोबरीच्या पुरुषांना जास्त पगार आहे. सुप्रीम कोर्टात 2007 मध्ये त्या हरल्या, कारण काय तर तक्रारीला उशीर झाला. त्यांच्या नावाचा कायदा 2009 मध्ये आला. आणि आपल्याकडे? गेट-टुगेदरला पुरुष मंडळी शेअर्स-बोनससकट पॅकेज सांगतात. बायका मात्र "पगार काय विचारायचा गं!" म्हणून विषय बदलतात.

माझ्या एका मैत्रिणीने गेल्या वर्षी विचारलं. 2023 पासून इथे 15 किंवा जास्त नोकर असलेल्या कंपनीला जाहिरातीत पगाराची पट्टी द्यावी लागते, आणि चालू नोकरीतल्या माणसालाही मागितल्यावर सांगावी लागते. नवरा म्हणाला, "ग्रीन कार्ड होईपर्यंत गप्प बस." पण तिचा परवाना कंपनीशी बांधलेला नाही, ती उद्या दुसरीकडे जाऊ शकते. हे दोघांनाही आधी नीट ठाऊक नव्हतं.

चार ओळींची मेल केली. उत्तर आलं, तर ही पट्टीच्या खालच्या टोकाच्याही खाली! पुढच्या महिन्यापासून पगार पट्टीत आला. मागच्या फरकाबद्दल कंपनी काहीच बोलली नाही. तेच काम करणाऱ्या एका सहकाऱ्याने स्वतःचा आकडा सांगितला, तेव्हा ती भडकलीच. आधीचा पगार कमी होता, ही सबब आता इथे चालत नाही. लेबर कमिशनरकडे तक्रारीला वकील लागत नाही, मुदत आता साधारण तीन वर्षांची. तिचा फॉर्म भरून तयार आहे, आणि त्या मेलचा मसुदा मंडळातल्या तिघींनी मागून नेलाय.