उघड्या अंगाची फटफटी

ज्या घरात कॉलेजात जाणारे अपत्य आहे, त्या घरात मोटारसायकलचा विषय वर्षातून एकदा तरी निघतोच. आणि बहुधा तो दिवाळीच्या सुमारास निघतो. वडील पेट्रोलचा हिशेब मांडू लागतात, आई वर्तमानपत्रातल्या अपघातांची आठवण करून देते, आणि चिरंजीव मात्र 'सीसी', 'टॉर्क', 'टू-सेव्हन्टी क्रँक' असले मंत्र पुटपुटत असतात. हे मंत्र एकदा नीट समजून घ्यावेत, निदान चिरंजीवांशी बरोबरीने वाद घालता यावा, एवढ्यासाठी येथे एकाच गाडीची हकीकत सांगतो. ही गाडी म्हणजे चेन्नईजवळ तयार होणारी रॉयल एन्फिल्डची 'इंटरसेप्टर ६५०'. तिची निवड करण्याचे कारण असे, की तिच्यात यंत्रशास्त्र जेवढे आहे तेवढाच इतिहासही आहे.

अशा गाड्यांच्या जातीला मोटारसायकलवाले 'नेकेड' म्हणतात. शब्द ऐकून भुवया उंचावण्याचे कारण नाही. अर्थ एवढाच, की गाडीच्या अंगावर प्लास्टिकचे आवरण नाही. इंजिन, नळ्या, सांगाडा, सारा संसार उघड्यावर. साठ-सत्तर वर्षांपूर्वी रस्त्यावरच्या जवळजवळ सर्वच फटफट्या अशा होत्या आणि म्हणूनच त्यांना वेगळे नाव देण्याची कोणाला गरज वाटली नव्हती. सारा गाव धोतर नेसत होता तेव्हा कोणी कोणाला 'धोतरवाला' म्हणत नसे, तसेच हे! १९८० च्या दशकात शर्यतीच्या गाड्यांचे अनुकरण सुरू झाले आणि साध्या रस्त्यावरच्या गाड्यांनीही वारा कापणारे चिलखत अंगावर चढवले. मग १९९३ साली इटलीतल्या डुकाटी कंपनीची 'मॉन्स्टर' बाजारात आली. मिगेल गालुझ्झी या आरेखकाने ते सारे चिलखत उतरवून फेकून दिले होते. इंजिन ही झाकून ठेवण्याची नव्हे, पाहण्याची वस्तू आहे, हे लोकांना पुन्हा आठवले, आणि जुन्या प्रकाराला नवे नाव मिळाले.

आता आपल्या गाडीच्या घराण्याकडे वळू. इंग्लंडमधील रेडिच या गावी रॉयल एन्फिल्डची पहिली मोटारसायकल १९०१ साली तयार झाली. आपल्याकडे जी 'बुलेट' प्रसिद्ध आहे ती एका सिलिंडरची, ३५० सीसीची. तिच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. १९५०च्या दशकाच्या आरंभी कंपनीला मोठी गाडी हवी झाली, तेव्हा तिथल्या हिशेबी माणसांनी हीच मापे घेऊन दोन सिलिंडर शेजारी-शेजारी बसवले. ३५० दुणे ७००! 'मीटिऑर ७००' या नावाची ती गाडी. तिच्याच वंशात १९६० साली 'इंटरसेप्टर' जन्मली, ती मुख्यतः अमेरिकन गिऱ्हाइकांसाठी. पुढे दोन वर्षांनी ती ७३६ सीसीची झाली.

पण घर फिरले की घराचे वासे फिरतात. रेडिचचा कारखाना १९६७ साली बंद पडला. इंटरसेप्टरचे बस्तान विल्टशायरमधील वेस्टवुड येथे, युद्धकाळात जमिनीखालच्या जुन्या दगडखाणीत उभारलेल्या कारखान्यात हलले. भुयारात तयार होणारी मोटारसायकल ही कल्पना एखाद्या रहस्यकथेत शोभावी अशी. पण १९७० मध्ये तीही कथा संपली.

इकडे मद्रासला मात्र वेगळाच संसार मांडला गेला होता. १९५५ साली रेडिचच्या कंपनीने मद्रास मोटर्सशी भागीदारी करून 'एन्फिल्ड इंडिया' स्थापन केली होती आणि तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात बुलेट तयार होऊ लागली होती. मूळ झाड वठले तरी फांदीचे कलम जगले. सैन्यात, पोलिसांत, दूधवाल्यांच्या घरी आणि एखाद्या हौशी डॉक्टरांच्या अंगणात बुलेट 'डग् डग्' करीत राहिली. मात्र दोन सिलिंडरची मोठी एन्फिल्ड मद्रासला कधी झाली नाही. १९९४ मध्ये ही कंपनी आयशर समूहाकडे आली. २००० साली तिची अवस्था इतकी नाजूक होती, की ती ठेवावी की बंद करावी असा प्रश्न पडला होता. त्या वेळी सव्वीस वर्षांच्या सिद्धार्थ लाल यांनी तिची सूत्रे हाती घेतली. त्यांनी बुलेट सुधारली, खप वाढवला, ही सारी हकीकत स्वतंत्र लेखाची आहे. आपल्याला पाहायचे ते हे, की अर्धशतक एकाच सिलिंडरवर पोट भरलेल्या या कंपनीने पुन्हा दोन सिलिंडरचे धाडस केले. इंग्लंडमध्ये लीस्टरशायरमधील ब्रंटिंगथॉर्प येथे तिने आपले तंत्रकेंद्र उभारले. सांगाड्यांसाठी नावाजलेली हॅरिस परफॉर्मन्स ही तिथलीच कंपनी २०१५ मध्ये विकत घेतली. आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात नवी इंटरसेप्टर लोकांपुढे ठेवली. ज्यांच्याकडून विद्या आली त्यांच्याच देशातली माणसे मद्रासच्या पगारावर काम करीत होती!

या गाडीचे इंजिन ६४८ सीसीचे आहे. सिलिंडरचा व्यास ७८ आणि धाव ६७.८ मिलिमीटर. म्हणजे जुन्या बुलेटच्या अगदी उलट प्रकृती: लांब धाव घेणारा पिस्टन जाऊन रुंद आणि आखूड धावेचा पिस्टन आला. पण खरी मेख आहे ती क्रँकशाफ्टमध्ये, आणि चिरंजीवांच्या मंत्रातला 'टू-सेव्हन्टी' तो हाच.

दोन बायका एकाच उखळात कांडायला बसल्या आहेत असे समजा. दोघींनी मुसळे एकदमच उचलली आणि एकदमच आपटली, तर काय होईल? ठोके जोरकस पडतील, पण मांडणीवरची भांडी खाली येतील. जुन्या इंग्रजी जोडगाड्यांचे असेच होते. १९३७ साली एडवर्ड टर्नर यांच्या 'ट्रायम्फ स्पीड ट्विन'ने जी प्रथा पाडली, तिच्यात दोन्ही पिस्टन एकत्र वर जात आणि एकत्र खाली येत. दोघांत स्फोट आळीपाळीने होत असल्यामुळे आवाज एकसारखा येई खरा. पण वेग वाढला, की आरसे थरथरत, पाय ठेवायचे दांडे झिणझिण्या आणीत आणि ढिल्या झालेल्या नटांसाठी स्वार खिशात पाना बाळगून असे. दुसरा मार्ग असा, की एक पिस्टन वर असताना दुसरा खाली ठेवायचा. कित्येक जपानी गाड्यांनी तो पत्करला. त्याने उसळी कमी होते, पण इंजिन लहान मुलांच्या आडव्या झोक्यासारखे डावी-उजवीकडे डुलू पाहते.

तिसरा मार्ग मधला. दुसरी बाई पहिलीच्या मागून पाऊण फेऱ्याच्या अंतराने मुसळ उचलते. क्रँकच्या वर्तुळात हे अंतर २७० अंशांचे मोजतात. एक पिस्टन शेंड्याला पोचून क्षणभर थबकतो, तेव्हा दुसरा जवळजवळ पूर्ण वेगात असतो. एकाची मरगळ दुसऱ्याच्या धावेने भरून निघते. उच्च वेगात जाणवणारी बारीक थरथर परस्परांत विरून जाते. उरलेली मोठी थरथर एक फिरता तोलदांडा मारून टाकतो. आणि स्फोट समान अंतराने न होता एकदा लवकर, एकदा उशिरा होत असल्यामुळे आवाजाला लय येते: 'धड्-धड्... धड्-धड्', घोड्याच्या दुडक्या चालीसारखी. रस्त्यावर धावणाऱ्या गाडीत ही युक्ती प्रथम आणली ती यामाहाने, १९९५ च्या 'टीआरएक्स ८५०' मध्ये. तेव्हा एन्फिल्डवाल्यांनी ती शोधली नाही. त्यांनी ती योग्य जागी वापरली, आणि माझ्या मते त्यात कमीपणा काहीच नाही.

आता शक्तीचा प्रश्न. हे इंजिन मिनिटाला सव्वासात हजार फेऱ्यांच्या आसपास ४७ अश्वशक्ती देते. जाणकार येथे नाक मुरडतात. कावासाकीची 'झेड ६५०' एवढ्याच आकाराच्या इंजिनातून ६८ काढते. मग हे अर्धवट काम का? उत्तर निम्मे कायद्यात आहे आणि निम्मे रस्त्यात. युरोपात मधल्या पायरीचा परवाना असणाऱ्या तरुणांना ३५ किलोवॉटपर्यंतची गाडी चालवता येते, आणि ३५ किलोवॉट म्हणजेच सुमारे ४७ अश्वशक्ती. माप अगदी अंगावर बेतून घेतले आहे! राहिला रस्ता. ओढण्याचे बळ, ज्याला टॉर्क म्हणतात, ते या इंजिनात ५२ न्यूटन-मीटर आहे. आणि कंपनी सांगते, की त्यातले ऐंशी टक्के बळ अवघ्या अडीच हजार फेऱ्यांवरच हाती येते. खंडाळ्याच्या घाटात ट्रकमागून बाहेर पडताना गिअर न उतरवता गाडी पुढे सरकते, ती या बळावर. ६८ अश्वशक्ती शेवटच्या फेऱ्यांत सापडते, आणि शेवटच्या फेऱ्यांपर्यंत जाण्याइतका मोकळा रस्ता पुण्या-मुंबईच्या माणसाला किती वेळा मिळतो, हे ज्याचे त्याने पाहावे. तरी ही गाडी मंद समजू नये. ताशी शंभर किलोमीटर ती सहज गाठते आणि तिथे निवांत राहते; सहावा गिअर, जो या घराण्यात प्रथमच आला, तो त्यासाठीच आहे. हिचीच बहीण 'कॉन्टिनेन्टल जीटी', खास फेरफार केलेली, २०१८ मध्ये अमेरिकेतील बॉनव्हिलच्या मिठागरावर ताशी दीडशे मैलांच्या वर पळाली. आणि पळवणारी केला रिव्हास अवघी अठरा वर्षांची मुलगी होती.

उघड्या गाडीच्या कारागिराची एक पंचाईत असते. चिलखताखाली वेड्यावाकड्या तारा आणि नळ्या दडपता येतात. येथे सारेच पाहुण्यांसमोर. म्हणून या इंजिनाच्या बाजूच्या झाकणांना चकाकी दिली आहे, दोन सायलेन्सर दोन्ही अंगांनी मागे चढत गेले आहेत, आणि पेट्रोलची टाकी १९६० च्या गाडीसारखी थेंबाच्या आकाराची आहे. थंड करण्याचे काम मुख्यतः वारा करतो. सिलिंडरवरच्या पापुद्र्यांसारख्या पट्ट्या केवळ शोभेच्या नाहीत. पाण्याचे रेडिएटर समोर टांगले असते तर शक्ती थोडी वाढवता आली असती, पण मग चेहरा गेला असता. हा सौदा मला पटतो.

न पटणाऱ्या गोष्टीही आहेत. पेट्रोल न भरताच गाडी २०२ किलो भरते. धावताना हे वजन जाणवत नाही. पण सोसायटीच्या उतारावर उलटी ढकलताना चांगलेच जाणवते. बैठक लांबच्या प्रवासाला कठीण लागते, मागचे स्प्रिंग खड्ड्याची बातमी थेट पाठीच्या कण्याला कळवतात, आणि मूळ गाडीत कोणता गिअर पडला आहे हे दाखवणारा आकडासुद्धा नव्हता. ब्रेक मात्र भरवशाचे. पुढे ३२० आणि मागे २४० मिलिमीटरच्या थाळ्या आहेत, आणि त्यांवर चाक घसरू न देणारी 'एबीएस' यंत्रणा. भिजल्या रस्त्यावर घाबरून ब्रेक करकचून दाबला, तर चाक जाम होते, आणि जाम झालेल्या चाकाला दिशा राहत नाही. ही यंत्रणा सेकंदात अनेकवार ब्रेक सोडते आणि धरते. ब्रेकचे जबडे 'बायब्रे' बनावटीचे. ही इटलीच्या ब्रेम्बो कंपनीची भारतीय शाखा, आणि ब्रेम्बोचा कारखाना आपल्या पुण्याजवळ चाकणला आहे. आईसाहेबांनी बाकी सर्व विसरून 'एबीएस'पुरता आग्रह धरला तरी चालेल. तसा आता तो धरावाही लागत नाही, कारण एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला तो कायद्यानेच बंधनकारक आहे. कायद्याची दुसरी देणगी म्हणजे मागच्या चाकाशेजारची साडीची जाळी. हौशी मुले गाडी घरी येताच ती काढून टाकतात, 'शोभा जाते' म्हणून. मागे आई किंवा बायको बसणार असेल, तर ती जाळी जागीच असू द्यावी. ओढणीला आणि पदराला शोभा कळत नाही.

नोव्हेंबर २०१८ मध्ये ही गाडी भारतात विक्रीला आली तेव्हा कारखान्याबाहेरची तिची किंमत अडीच लाख रुपये होती. त्याच सुमारास 'झेड ६५०' ला सुमारे दुप्पट मोजावे लागत. पुढे किंमत चढली, पण अंतर राहिलेच. चेन्नईहून ती इंग्लंडला जाते, युरोपात जाते, आणि ज्यांच्यासाठी मूळ इंटरसेप्टर तयार झाली होती त्या अमेरिकेलाही जाते. मात्र तिथे एक गंमत आहे. रेडिचचा संसार मोडल्यानंतर 'इंटरसेप्टर' हे नाव अमेरिकेत होंडाने आपल्या गाड्यांना लावले होते. त्यामुळे नावाची मूळ मालकीण स्वतःच्या नावाने तिथे फिरू शकत नाही. तिच्या अंगावर तिथे नुसते 'आयएनटी ६५०' एवढेच लिहिलेले असते.