‘कार-टी’ उपचार : कोणासाठी आणि केव्हा?

सातारा, कराड, सांगली, मिरज या पट्ट्यातून कर्करोगाच्या उपचारासाठी मुंबई गाठणाऱ्या कुटुंबांच्या तोंडी अलीकडे एक नवे नाव असते, ‘कार-टी’. आपल्याच पेशींचे औषध बनवतात आणि एका सलाईनमध्ये कॅन्सर जातो, असा मेसेज कोणीतरी मोबाईलवर पाठवलेला असतो. पेशींचे औषध बनते, हे खरे आहे. एका सलाईनची गोष्ट मात्र नीट समजून घ्यायला हवी. नाहीतर एखादे घर लागू नसलेल्या उपचारासाठी जमीन विकायला निघते, आणि ज्याला तो लागू पडला असता तो रुग्ण उशिरा पोहोचतो.

पेशींना नवी ओळख

रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी ‘टी’ पेशी शरीराचा पहारा करतात. विषाणूने बाधित झालेली पेशी ओळखून त्या मारतात. कर्करोगाची पेशी आपल्याच पेशीतून बिघडून तयार होते, म्हणून ती अनेकदा त्यांच्या नजरेतून सुटते. या उपचारात रुग्णाला काही तास यंत्राला जोडून त्याच्या टी पेशी वेगळ्या काढतात. प्रयोगशाळेत निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत त्यांच्यात नवा जनुक घालतात. मग या पेशी ‘सीडी-१९’ नावाची खूण ओळखू लागतात. ही खूण ‘बी’ प्रकारच्या पांढऱ्या पेशींवर असते, तशीच त्यांच्यापासून होणाऱ्या ल्युकेमिया आणि लिम्फोमा या कर्करोगांच्या पेशींवरही असते. पेशींची संख्या वाढवून त्या त्याच रुग्णाला परत देतात. त्याआधी शरीरात त्यांना जागा व्हावी म्हणून काही दिवस केमोथेरपी द्यावी लागते.

फिलाडेल्फिया ते खारघर

२०१२ मध्ये फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड या सहा वर्षांच्या मुलीला हा उपचार मिळाला. तिचा ल्युकेमिया पुन्हा पुन्हा उलटला होता. पेशी दिल्यानंतर तिला प्रचंड ताप आला आणि व्हेंटिलेटर लावावा लागला. रक्तात ‘आयएल-६’ हे दाह वाढवणारे रसायन खूप वाढल्याचे आढळले. संधिवातासाठी वापरले जाणारे टोसिलिझुमॅब दिल्यावर ती सावरली आणि पुढे कर्करोगमुक्त झाली. या उपचारातील सर्वांत मोठा धोका आणि त्यावरचा उतारा, दोन्ही तेव्हा समजले. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेने पहिल्या कार-टी औषधाला मान्यता दिली. त्याची किंमत होती ४ लाख ७५ हजार डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे तीन कोटी रुपये.

एवढी किंमत भारतात परवडणारी नव्हती. आयआयटी मुंबईत डॉ. राहुल पुरवार यांच्या गटाने देशी कार-टी पेशी तयार केल्या. टाटा स्मारक केंद्रातील डॉ. हसमुख जैन, डॉ. गौरव नरुला आणि सहकाऱ्यांनी रुग्णांवर चाचण्या केल्या. ४ जून २०२१ रोजी खारघरच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’मध्ये देशातील पहिल्या रुग्णाला या पेशी दिल्या गेल्या. ‘नेक्सकार-१९’ या नावाने ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले. किंमत अमेरिकेच्या साधारण दशांश आहे.

मार्च २०२५ मध्ये ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’ या नियतकालिकात ६४ रुग्णांवरील चाचण्यांचे निष्कर्ष आले. परिणाम मोजता आलेल्या ५१ रुग्णांपैकी ७३ टक्क्यांना गुण आला. इतर सर्व उपचार थकलेल्या रुग्णांसाठी हा आकडा मोठा आहे. मात्र अनेकांचा आजार काही महिन्यांत पुन्हा बळावला आणि उपचाराशी संबंधित दोन मृत्यूही झाले. आशा ठेवावी, पण हे आकडे माहीत असू द्यावेत.

कोणाला लागू?

हा उपचार ‘बी’ पेशींच्या ल्युकेमिया-लिम्फोमासाठी आहे, तोही नेहमीच्या उपचारांना दाद न देणाऱ्या किंवा उलटलेल्या आजारासाठी. देशी औषधाची मान्यता १५ वर्षांपुढील रुग्णांना आहे. तंबाखूमुळे होणारा तोंडाचा, स्तनांचा किंवा गर्भाशयमुखाचा कर्करोग यांसाठी तो सध्या संशोधनाच्या टप्प्यावरच आहे. या आजारांवर वेळेत शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि केमोथेरपी हेच खात्रीचे उपचार आहेत आणि ते कराड व सांगली-मिरजेतही मिळतात. लिम्फोमाचेही तसेच. मोठ्या बी पेशींच्या लिम्फोमात पहिल्या उपचारानेच दहापैकी साधारण सहा रुग्ण बरे होतात. ती केमोथेरपी अर्धवट सोडून कार-टीची वाट पाहणे घातक आहे.

उशीर होतो तो बहुतेक वेळा सुरुवातीलाच. मानेतली गाठ म्हणजे क्षयच, असे गृहीत धरून गाठीचा तुकडा न तपासता महिनोन्‌महिने गोळ्या चालतात. गाठ कमी होत नसेल तर बायोप्सी हवी, आणि तिचा अहवाल व ब्लॉक जपून ठेवायला हवा. आजार उलटला तर लगेच मोठ्या केंद्राचा सल्ला घ्यावा. वारंवार केमोथेरपी झाल्यावर टी पेशी दुबळ्या होतात. पेशी तयार व्हायला काही आठवडे लागतात आणि तोवर रुग्णाची तब्येत टिकायला हवी. स्टिरॉइडचाही या पेशींवर परिणाम होतो, म्हणून ती सुरू असल्यास डॉक्टरांना सांगावे. मात्र मनाने बंद करू नयेत.

खर्च आणि त्यानंतर

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. कार-टीचा खर्च त्याच्या कितीतरी पट आहे. म्हणून जमिनीचा व्यवहार करण्यापूर्वी रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकांना भेटावे. चाचणीत जागा आहे का, मुख्यमंत्री सहायता निधी आणि धर्मादाय संस्था किती मदत करतील, हे आधी विचारावे. त्याच भेटीत डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत : आमच्या आजारात ही खूण आहे का, दुसरा कोणता उपचार शिल्लक आहे, आणि फायदा किती काळ टिकेल?

पेशी दिल्यानंतर काही आठवडे रुग्णालयाजवळच राहावे लागते. ताप, रक्तदाब आणि श्वासावर लक्ष ठेवतात. मेंदूवर परिणाम होतो आहे का, हे कळण्यासाठी रुग्णाकडून रोज एक वाक्य लिहून घेतात, कारण बदललेले अक्षर कधी कधी पहिली सूचना देते. घरी परतल्यावरही निरोगी ‘बी’ पेशी कमी असल्याने जंतुसंसर्गाचा धोका महिनोन्‌महिने राहतो. गावी ताप आला तर घरगुती गोळीवर भागवू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना ‘कार-टी झाली आहे’ असे सांगावे आणि उपचार केंद्राचा फोन नंबर घरातल्या प्रत्येकाकडे असावा.