लेकीच्या कंपनीतलं ‘दप्तर’

‘पोरगी हिंजवडीला कंपनीत आहे’ एवढं आपण अभिमानाने सांगतो. पुढे कुणी विचारलं, ‘तिथे करते काय?’ की ‘कॉम्प्युटरवर काम असतं बाई’ म्हणून विषय संपतो. संगमनेर, श्रीरामपूर, पारनेर, शेवगाव, आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात कुठेही जा, हेच उत्तर. सुट्टीला आलेली मुलगी रात्री साडेदहाला लॅपटॉप उघडते आणि म्हणते, ‘आई, जिरा भरायचं राहिलंय.’ आता हे कुठलं जिरं?

हे फोडणीचं नव्हे. ‘जिरा’ हे ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅटलासियन कंपनीने २००२ साली आणलेलं सॉफ्टवेअर. कुणाकडे कोणतं काम आहे, ते कुठवर आलं, कशामुळे अडलं, याची नोंद त्यात होते. आणि मैत्रिणींनो, तुम्ही बचत गटात असाल, तर यातलं निम्मं तुम्हाला आधीच ठाऊक आहे.

नवा गट सुरू होतो तेव्हा आपण कोऱ्या वहीत रेघा मारत बसतो का? नाही. इतिवृत्ताची वही, रोकडवही, बचत-कर्जाची खतावणी, सभासदांची पासबुकं, सगळं ठरलेल्या रकान्यांचं मिळतं. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब ही पंचसूत्री तर पाठच असते. सॉफ्टवेअरवाले या तयार दप्तरालाच ‘प्रोजेक्ट टेम्प्लेट’ म्हणतात. आपण साचा म्हणू.

त्यांना साचा का लागला? पूर्वी मोठं सॉफ्टवेअर करताना आधी सगळा आराखडा कागदावर, मग वर्ष-दोन वर्षं काम, आणि शेवटी गिऱ्हाईक म्हणणार, ‘मला हे नको होतं!’ या पद्धतीला कंटाळलेली १७ माणसं फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत युटा राज्यातल्या स्नोबर्ड इथे जमली. थोडं करा, दाखवा, सुधारा, पुढे चला, असं त्यांचं सांगणं. त्याला ‘अ‍ॅजाइल’ म्हणतात. यातली ‘स्क्रम’ ही रीत आज बहुतेक ठिकाणी दिसते. दहाच्या आतबाहेर माणसांचा चमू, बहुधा दोन आठवड्यांचा एक टप्पा आणि रोज पंधरा मिनिटांची बैठक.

कामाचे तुकडे कसे पाडतात तेही ऐकण्यासारखं आहे. समजा, नगरपालिकेची घरपट्टी मोबाईलवर भरायची सोय करायची आहे. हे झालं मोठं काम. त्याच्या पोटात लहान ‘गोष्टी’ लिहितात, त्याही वापरणाऱ्याच्या तोंडून: ‘घरमालक म्हणून मला पावती लगेच फोनवर हवी, म्हणजे माझा हेलपाटा वाचेल.’ मला ही रीत फार आवडली. कुणासाठी आणि कशासाठी, हे लिहिल्याशिवाय कामच सुरू होत नाही.

एक चमू असेल तोवर भिंतीवर चिठ्ठ्या चिकटवूनही भागतं. पण एकाच कामावर शंभर-सव्वाशे माणसं असली की? आपल्याकडे गटांचा ग्रामसंघ, ग्रामसंघांचा प्रभागसंघ होतो, तशीच त्यांचीही उतरंड असते. २०११ साली आलेल्या ‘सेफ’ नावाच्या पद्धतीत अशा ५० ते १२५ जणांच्या जथ्याला चक्क ‘ट्रेन’ म्हणतात. दर आठ ते बारा आठवड्यांनी सगळे दोन दिवस एकत्र बसून पुढचं नियोजन करतात. कुणाचं काम कुणावाचून अडणार, हे फळ्यावर लाल दोऱ्याने जोडून दाखवतात.

इथे खरी अडचण येते. एक चमू ‘झालं’ म्हणतो म्हणजे लिहून झालं. दुसऱ्याचं ‘झालं’ म्हणजे तपासूनही झालं. मग वरच्याने बेरीज कशाची मांडायची? म्हणून सगळ्यांना एकच साचा देतात: कामांचे प्रकार तेच, पायऱ्या त्याच, कुणी काय बदलायचं याचे नियम तेच. मायक्रोसॉफ्टच्या ‘अ‍ॅझ्युअर डेव्हऑप्स’मध्ये असे चार साचे तयारच मिळतात. नवा चमू आला की काही मिनिटांत दप्तर उभं.

सोय मोठी आहे, पण रकाने कुणी ठरवायचे?

‘जिरा’त दोन वाटा आहेत. एकीत साचा कंपनीचा व्यवस्थापक सांभाळतो, दुसरीत चमू स्वतःपुरता बदलतो. पहिल्या वाटेत अनेक प्रकल्प एकच मांडणी वापरत असतील, तर एकीकडे केलेला बदल सगळीकडे उमटतो. म्हणून कुणी हात लावायला धजत नाही आणि प्रत्येक साहेबाचा एकेक रकाना मात्र वाढत जातो. संगमनेरकडची माझ्या ओळखीची एक मुलगी पुण्यात मोठ्या कंपनीत आहे. एक काम ‘झालं’ दाखवायला डझनभर चौकटी भराव्या लागत. मग काय, सगळे नुसतं टिंब देऊन पुढे जात! वरच्या अहवालात सगळं हिरवंगार, आणि पोरी रात्री टिंबं भरत बसलेल्या. नवी म्हणून ती वर्षभर गप्प राहिली. शेवटी टप्पा संपल्यावरच्या बैठकीत तिने विचारलं, ‘यातलं कोण काय वाचतं?’ चार रकाने कुणीच वाचत नव्हतं. ते गेले.

आपल्याकडे तरी वेगळं काय होतं? मागच्या सभेचं इतिवृत्त जसंच्या तसं उतरवलेल्या वह्या मी पाहिल्यात. नवऱ्याच्या दारूचा विषय सभेत तासभर चाललेला, आणि वहीत ‘सभा आनंदात पार पडली’. त्याला रकानाच नव्हता. साचा वाढूही शकतो, बरं का. ‘उमेद’ अभियानात पंचसूत्रीची दशसूत्री झाली, आरोग्य आणि शिक्षण हे विषय आत आले. आता गटाची नोंद मोबाईलवर ‘लोकोस’ ॲपमध्येही जाते. तिथला रकाना वाढवणं वहीत रेघ मारण्याइतकं सोपं नाही, म्हणून काय हवं ते ग्रामसंघाच्या सभेत ठरावात लिहून वर पाठवायला हवं.

लोणी, कोपरगाव, संगमनेर इथल्या कॉलेजांत शिकणाऱ्या मुलींना एक सांगेन. ‘जिरा’ दहा जणांपर्यंत फुकट वापरता येतं. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला चौघी-पाचजणींनी त्यातला साधा ‘कानबान’ साचा घ्यावा. सुरुवातीला करायचं, चालू आणि झालं, एवढे तीन रकाने पुरतात. चौथा हवासा वाटला, तर तो रोज कोण वाचणार आहे, ते आधी ठरवावं.